दूध बिलाच्या सॉफ्टवेअरला हायबरनेट की हातानं लिहिलेलं एसक्यूएल? ऑफिसात रोज वादावादी

शिरगाव_बायपास
नमस्कार मंडळी. ऑफिस कोल्हापुरात, टीम सहा जणांची, गावोगावच्या दूध संस्थांसाठी नवीन सॉफ्टवेअर करालोय. जावा, त्यावरचं स्प्रिंग बूट फ्रेमवर्क, डेटाबेस पोस्टग्रेस. सकाळ-संध्याकाळचं संकलन, लिटर, फॅट आणि एसएनएफची (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) नोंद, दरपत्रकावरनं दर, त्यातनं पशुखाद्य आणि उचल कपात, आणि दर दहा दिवसांनी बिल. लीड म्हणतोय सगळं जेपीएवर (टेबलातल्या नोंदी जावाचे ऑब्जेक्ट म्हणून वापरायचं स्टँडर्ड) करा, एंटिटी म्हंजे टेबलाचे क्लास बनवा, बाकी ते स्टँडर्ड चालवणारं हायबरनेट बघतंय, क्वेऱ्या तेच बनवतंय, कुणी एसक्यूएल लिहायचं नाही. आमचे सीनियर सर म्हणतात मशीननं बनवलेल्या क्वेरीवर शेतकऱ्याचा पैसा सोडायचा नाही, सगळं एसक्यूएल हातानं लिहून जेडीबीसीनं (जावातनं थेट डेटाबेसला क्वेरी पाठवायची सोय) चालवायचं. मी मधल्या मधी. काल १२०० सभासदांचं टेस्ट बिल लावलं, खाली जाऊन चहा घेऊन आलो तरी चालूच. सर नुसते माझ्याकडं बघून हसले. काय करू?

कळंब्याची_मी
आधी लॉगमधे एसक्यूएल दाखवायचं सेटिंग चालू कर आणि एक बिल लावून क्वेऱ्या मोज. मी पैज लावतो, सभासदांची यादी एक क्वेरी आणि मग प्रत्येकाचं संकलन आणायला एक एक, म्हंजे १२०१. एन प्लस वन म्हणतात ते हेच. आणि दरपत्रक मेनी-टू-वन (अनेक नोंदींना एकच दरपत्रक) असेल तर बघ, जेपीएमधे ते न सांगता ईगर असतं म्हंजे लगेच आणलं जातं, वन-टू-मेनी लेझी असतं म्हंजे लागेल तेव्हाच, त्यामुळं तू मागितलं नसलंस तरी दरपत्रकाच्या क्वेऱ्या वेगळ्या सुटत असतील.

जॉइन फेच (जोडलेल्या नोंदी त्याच क्वेरीत आणायची सूचना) लावलास की १२०१ ची एक होईल, पण तिथं थांबू नको. दहा दिवस, दोन वेळा, म्हंजे माणशी २० नोंदी, १२०० जणांच्या २४,०००. एवढे ऑब्जेक्ट मेमरीत आणायचे, हायबरनेट प्रत्येकाची मूळ कॉपी जवळ ठेवणार बदल झालाय का बघायला, आणि तुला त्यातनं हवी काय तर नुसती बेरीज. ती बेरीज डेटाबेसला ग्रुप बाय लावून (सभासदवार गट करून) करू दे की, तो त्यासाठीच बसलाय.

जुना_जावावाला
तुमचा वाद लई जुना आहे पोरांनो. ईजेबीच्या (जावाची जुनी सर्व्हरवरची पद्धत) काळात आम्ही हेच भांडत होतो, फक्त नावं वेगळी, सीएमपी आणि बीएमपी. सीएमपीत कंटेनर म्हंजे सर्व्हरच डेटा जपायचा, बीएमपीत आपण लोड-स्टोअर हातानं लिहायचं. एका टेबलासाठी होम इंटरफेस, लोकल इंटरफेस, बीन (एका नोंदीचा ऑब्जेक्ट) आणि वर एक्सएमएल, निम्मा दिवस तिथंच जायचा. त्या कटकटीला वैतागूनच गॅव्हिन किंगनं २००१ मधे हायबरनेट चालू केलं आणि २००६ ला जेपीए आलं ते बरंचसं त्याच वळणाचं.

आता तुमच्या सरांना एक सांगा, माझं नाव न घेता 😄 बीएमपीत सगळं एसक्यूएल हातचंच असायचं, तरी फाइंडर (शोधायची मेथड) नुसत्या प्रायमरी की म्हंजे नोंदींचे आयडी परत द्यायचा आणि मग प्रत्येक बीनला एक लोड. म्हंजे हेच १२०१! हातानं लिहिलं म्हणून ते चुकत नव्हतं. एका वेळी एक नोंद आणायची सवय असली की कशानंही लिहा, तेच होणार.

हुपरी_रोड
मी सरांच्या विरुद्ध. आमच्या आधीच्या प्रोजेक्टात सगळं हातचं होतं, साहेबांना अभिमान केवढा. कपातीच्या टेबलात एक कॉलम वाढवला, इन्सर्ट ११ ठिकाणी लिहिलेला, १० ठिकाणी बदलला. अकरावा उचलीच्या स्क्रीनमधे होता. दोन बिलं उचल कापलीच नाही आणि तिसऱ्याला एकदम कापली, मग संस्थेचा सचिव फोनवर जे काय बोलला ते इथं लिहिता येत नाही. आणि दोन काउंटरवरनं एकच सभासद उघडला तर? जेपीएत व्हर्जन कॉलम (नोंद बदलली की बदलणारा आकडा) लावला की दुसऱ्याला एरर येते, हातानं ते प्रत्येक अपडेटमधे आठवणीनं लिहा बघू.

शिरगाव_बायपास
ताई पैज जिंकलात. १२०१ नाही, १२०४ आल्या, वरच्या तीन दरपत्रकाच्या 🙏 मग लीडला न विचारता बिलाची बेरीज जेडीबीसी टेम्प्लेटनं (जेडीबीसी वापरायची स्प्रिंगमधली सोय) एका क्वेरीत केली, सभासद-उचल-दरपत्रकाचे फॉर्म जेपीएवरच ठेवले. आता बिल काही सेकंदात निघतंय. पण एक लफडं झालंय. बिलाच्या आधी ऑपरेटरनं नोंद दुरुस्त केली की बिल जुन्याच आकड्यावर निघतंय, आणि नंतर टेबलात बघावं तर आकडा बरोबर!

कळंब्याची_मी
दुरुस्ती आणि बिल एकाच ट्रान्झॅक्शनमधे आहे ना? मग बरोबर. तू एंटिटीत आकडा बदललास, पण हायबरनेटनं अपडेट अजून पाठवलेलाच नाही, तो कमिटच्या वेळी पाठवतो. जेपीक्यूएलची (जेपीएची स्वतःची क्वेरी भाषा) क्वेरी असती तर त्यानं स्वतःहून आधी पाठवला असता, पण जेडीबीसी टेम्प्लेट त्याला न विचारता थेट डेटाबेसला जातं. क्वेरीच्या आधी फ्लश मार, म्हंजे राहिलेले अपडेट लगेच डेटाबेसला पाठव. उलट बाजूला पण तेच, जेडीबीसीनं काही अपडेट केलंस तर मेमरीतली एंटिटी जुनीच राहणार, ती रिफ्रेश कर (परत वाचून घे) नाहीतर क्लिअर कर (मेमरीतनं काढ). दोन्ही वापरायला काही हरकत नाही रे, मी पण वापरतो, पण एका मेथडमधे दोन्ही आले की तिथं थांबून बघायचं.

आणि बिलाच्या ओळी परत टेबलात टाकताना जेपीए वापरणार असशील तर आयडी आयडेंटिटीवर (ओळ टाकताना डेटाबेस आयडी देतो ती पद्धत) ठेवू नको, त्यात हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग करत नाही, म्हंजे अनेक ओळी एकत्र पाठवत नाही. पोस्टग्रेस आहे तर सीक्वेन्स (आयडी आधीच देणारा डेटाबेसचा काउंटर) घे आणि बॅच साइझ पण लाव, ते आपोआप चालू नसतं.

शिरगाव_बायपास
फ्लश टाकला, जुळलं. म्हशीचं दूध गायीच्या खात्यावर पडलेलं, फॅट ३.५ ची ६.५ केलेली नोंद होती, ती आता बिलात ६.५ नंच धरतंय. सरांना क्वेरी दाखवली, त्यांनी त्यात एक इंडेक्स सुचवला आणि वर म्हणाले, बघ, शेवटी एसक्यूएलच लिहिलंस की. लीडनं अजून कोड बघितलेला नाही, सोमवारी रिव्ह्यू आहे 😅