खाजेची ट्यूब लावली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. काय करू?

शिलाईवाली_भुसावळ
नाव बदलूनच लिहितेय, आमच्या गल्लीतल्या बाया पण इथे आहेत.

वय ४१, दोन मुलं, धाकट्याच्या वेळीच ऑपरेशन करून घेतलंय. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं शिलाईचं दुकान. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, कूलर पण भट्टीचीच हवा फेकतो, आणि मी सकाळी नऊपासून रेक्झिनच्या स्टुलावर, लेगिंग घालून. लग्नसराईत जेवायलाही उठत नाही.

एप्रिलमध्ये खाज सुरू झाली. साधी नाही, मध्यरात्री उठून न्हाणीत गार पाणी मारावं लागायचं. अंगावरून पांढरं जातं ते फाटलेल्या दुधासारखं, गुठळ्या-गुठळ्या. वास काही नाही. लघवीला बसलं की बाहेरच्या कातडीला झोंबतं. मेडिकलवर चार पुरुष उभे, त्यांच्यासमोर काय सांगणार? "खाजेची ट्यूब द्या" एवढंच म्हटलं. दोन दिवसांत आराम पडला, आठवड्याने पुन्हा खाज. असं तीनदा झालं. आता जून लागला तर कातडी लाल आणि पातळ झालीय, चालताना घासते.

सासूबाई म्हणतात तुरटीच्या पाण्याने आतून धू. शेजारीण म्हणते नवऱ्याकडून आलंय. मिस्टरांना विचारलं तर तीन दिवस बोलले नाहीत. खरंच नवऱ्याकडून येतं का हे? आणि डॉक्टरीणबाई आतून तपासतात का? खोटं कशाला बोलू, मला त्याचीच जास्त भीती आहे.

केळीचं_पान
ताई, मी रावेरकडची. मला दाढेसाठी अँटिबायोटिक दिलं की पाचव्या-सहाव्या दिवशी हे हजर. तुरटी अजिबात नको. मी केलंय ते, मिरच्या कुटलेला हात लागल्यासारखी आग झाली होती. तपासायला दोन मिनिटं लागतात. मला बाईंनी कापसाच्या काडीने थोडं पांढरं घेतलं, काचेवर लावलं, झालं. बाळंतपणं झालेल्या बाईने त्याला काय भ्यायचं!

सिस्टर_धुळे
मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, रोज हेच ऐकते. आधी एक काम करा. ती ट्यूब आणा आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसतंय का? ते स्टिरॉइड. गजकर्णासाठी लोक मागतात त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत ते मिसळलेलं असतं. स्टिरॉइडने खाज आणि सूज लगेच दबते म्हणून बरं वाटतं, बुरशी मात्र तिथेच फोफावते, आणि कातडी पातळ होते ती वेगळीच. शिवाय तुम्ही लावली बाहेरून, बुरशी आहे आत. त्यामुळे मला तरी वाटतं, तुम्हाला हे तीनदा झालेलं नाही. एकदाच झालंय आणि अजून गेलेलंच नाही.

नवऱ्याचं म्हणाल तर त्यांच्याशी बोलणं सुरू करा. ही कँडिडा नावाची बुरशी बऱ्याच बायकांच्या अंगात गप्प पडलेली असते. तिथले चांगले जंतू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकने ते मेले, शुगर वाढली, गरोदरपण आलं की ती माजते. ह्याला गुप्तरोगात मोजत नाहीत. त्यांना स्वतःला खाज किंवा लाली असेल तरच त्यांना औषध.

तुम्ही सांगताय ते बुरशीसारखंच आहे, पण न तपासता गोळी घेऊ नका. मासळीसारखा वास आणि पातळ, राखाडी पांढरं जात असेल तर तो वेगळा आजार, त्याला बुरशीचं औषध लागू पडत नाही. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर आणखी तिसराच. पोटात दुखतंय किंवा ताप आहे, तर त्याच दिवशी दाखवा.

बुरशीच निघाली तर क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी देतात, १०० मिलिग्रॅमची असेल तर सहा-सात रात्री, ५०० ची असेल तर एकदाच. नाहीतर तोंडाने फ्लुकोनॅझोल १५० ची एक. जास्त सूज असली तर तीन दिवसांनी दुसरी देतात. गरोदर बाईने ही तोंडाची गोळी घेऊ नये. सरकारी दवाखान्यात अंगावर पांढरं जाण्यासाठी हिरवं किट मोफत मिळतं, त्यात त्या दुसऱ्या दोन आजारांवरचं सेक्निडॅझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल दोन्ही असतात. मेडिकलच्या गर्दीत उभं राहायचीही गरज नाही.

आणि वय ४१ म्हणता, तर शुगर तपासून घ्याच.

गावरान_उपाय
एवढ्या गोळ्या कशाला? घरचं दही लावा, रात्री लसणाची पाकळी ठेवा. आजीच्या काळात हेच करायचे.

सिस्टर_धुळे
दही भाकरीसोबत खा. आत ठेवून बुरशी जाते असा भरवसा नाही, आणि लसणाने भाजून सोललेली कातडी आम्ही बघतो. आतून काहीच धुवायचं नाही, साबण नको, जंतुनाशक नको, तुरटी नको. बाहेरून साधं पाणी, मग नीट कोरडं करायचं.

अमळनेरची_मावशी
माय वं पोरी, मी वर्षभर भोगलं हे. वय ६२, शुगरच्या गोळ्या चालू. डॉक्टरांनी नवी गोळी दिली, डापाग्लिफ्लोझिन, ती साखर लघवीवाटे बाहेर काढते. शुगर उतरली आणि महिन्याभरात खाज सुरू. मी लाजेने बोललेच नाही. शेवटी सुनेने ओळखलं, मी सारखी उठबस करायची ना म्हणून. डॉक्टर म्हणाले ह्या गोळीने असं होऊ शकतं, आधी विचारायला हवं होतं. त्यांनी गोळी बदलली. आपल्या मनाने बंद करू नका हं कोणी, डॉक्टरांना विचारूनच.

सिस्टर_धुळे
मावशी बरोबर बोलल्या. त्यात आणखी एक. शुगरची ग्लिमेपिराइड किंवा रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर फ्लुकोनॅझोल घेण्याआधी ते सांगायचं. एक गोळी म्हणून गप्प बसू नका. ग्लिमेपिराइडसोबत घेतली तर शुगर अचानक खाली येऊ शकते.

शिलाईवाली_भुसावळ
दहा दिवसांनी लिहितेय. ट्यूबचं खोकं कचऱ्यात गेलं होतं, ट्यूब होती. सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून वाचलं. क्लोबेटासोल. फेकली.

डॉक्टरीणबाईंनी काडीने घेतलं, दुखलं नाही. बुरशीच निघाली. सहा रात्रीच्या गोळ्या दिल्या. मी पहिल्या रात्री ठेवून लगेच भांडी घासायला उठले, सगळी विरघळून बाहेर. फोन केला तर म्हणाल्या आडवं झाल्यावरच ठेवायची, आणि बरं वाटलं तरी सहाही पुऱ्या करायच्या. चौथ्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले.

पण उपाशीपोटी शुगर १६८ आली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ८.१. आमच्या आईला होती, मला काही ठाऊकच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्यात.

स्टुलावर जुन्या नऊवारीची चौपदरी घडी टाकलीय आणि उरलेल्या तुकड्यांतून स्वतःसाठी दोन सुती सलवारी शिवल्या. गिऱ्हाईकांचे ब्लाऊज थांबलेत. मिस्टरांना सिस्टरांचं उत्तर वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, पण काल येताना स्वतःहून बिनसाखरेची बिस्किटं घेऊन आले.