32.768 चाच क्रिस्टल लावलाय, तरी घड्याळ रोज 13 सेकंद मागं. पाकिटावरचं "6 पीएफ" म्हणजे काय?

ठिबक_तासगाव
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेच्या ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला टायमर बोर्ड केलाय. घड्याळासाठी डीएस1307 (वेळ मोजणारी आयसी) आणि 3 व्होल्टचा बटण सेल. क्रिस्टल 2 बाय 6 मिलिमीटरचा नळकांडीवाला, सांगलीत घेतला. पाकिटावर लिहिलंय: 32.768 किलोहर्ट्झ, 20 पीपीएम (दहा लाखांत 20 इतकी चूक), 6 पीएफ (पिकोफॅरड). नेटवरच्या एका सर्किटमध्ये क्रिस्टलच्या दोन्ही पायांवरून ग्राउंडला 22 पीएफचे कपॅसिटर दाखवले होते, म्हणून तेही लावले.

घड्याळ दिवसाला साधारण 13 सेकंद मागं पडतं, म्हणजे महिन्याला साडेसहा मिनिटं. 20 पीपीएमच्या हिशेबानं दिवसाला पावणेदोन सेकंदच यायला हवेत ना? क्रिस्टल डुप्लिकेट आहे का?

अजून दोन शंका. दुकानदारानं विचारलं, "क्रिस्टल देऊ की ऑसिलेटर?" फरक काय? आणि 8051 जातीच्या मायक्रोकंट्रोलरच्या दुसऱ्या बोर्डवर रिमोटच्या खेळण्यातला 27 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, तर प्रोग्राम चालतो पण सिरियलवर सगळा कचरा येतो. असं का?

कुपवाड_बेंच
क्रिस्टल डुप्लिकेट असेलच असं नाही. 20 पीपीएम ही हमी फक्त दोन अटींवर असते: तापमान 25 अंश, आणि क्रिस्टलला दिसणारा लोड कपॅसिटन्स पाकिटावर लिहिलाय तेवढाच. तुमचा 6 पीएफचा क्रिस्टल बरोबर 32768 वर तेव्हाच चालेल, जेव्हा त्याच्या दोन पायांमध्ये एकूण 6 पीएफ दिसतील. जास्त दिसले की तो हळू चालतो, कमी दिसले की पुढं पळतो.

आता तुमच्या बोर्डवर काय दिसतंय बघा. डीएस1307 ची आतली रचनाच 12.5 पीएफच्या क्रिस्टलसाठी आहे, बाहेरून काहीच लावायचं नसतं. त्यात तुम्ही 22-22 लावलेत. क्रिस्टलच्या दृष्टीनं ते सिरीजमध्ये येतात, म्हणजे 11 पीएफ. आतले साडेबारा धरून एकूण साडेतेवीस झाले. हवेत 6, मिळतायत जवळपास चौपट. अशा छोट्या क्रिस्टलचा मोशनल कपॅसिटन्स (कंपनाशी जोडलेला) 3 फेम्टोफॅरड आणि शंट कपॅसिटन्स (दोन पायांमधला स्वतःचा) 1.2 पीएफ धरला, तर घसरण 147 पीपीएमच्या आसपास येते. 1 पीपीएम म्हणजे दिवसाला 0.0864 सेकंद. गुणाकार केला की 12.7 सेकंद. तुमचे 13 इथंच सापडले.

आधी दोन्ही 22 पीएफ काढा. मग क्रिस्टलभोवतीचा सोल्डरिंगचा फ्लक्स आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या ब्रशनं घासून काढा, बोर्ड पूर्ण वाळू द्या. हे टाळू नका. या ऑसिलेटरमधून अगदी नगण्य करंट वाहतो. एक्स1-एक्स2 (आयसीचे क्रिस्टलचे दोन पाय) यांच्या मध्ये चिकट फ्लक्स राहिला आणि पावसाळ्यात त्याला ओल धरली, की गळतीनंच ऑसिलेटर बंद पडतो. मग लोक आयसी बदलत बसतात. नळकांडीच्या बॉडीवर आयर्न जास्त वेळ टेकवू नका, आणि असा बोर्ड अल्ट्रासॉनिक टाकीत तर अजिबात घालू नका. आतला क्वार्ट्झचा काटा (ट्यूनिंग फोर्क) केसासारखा बारीक असतो, कंपनांनी तुटतो.

सातारा_वायरलेस
बाकीच्या शंकांचं सांगतो. क्रिस्टल म्हणजे नुसता क्वार्ट्झचा तुकडा, दोन पाय, स्वतः काहीच करत नाही. त्याला हलवत ठेवणारा अँप्लिफायर तुमच्या आयसीत असतो. ऑसिलेटर म्हणजे क्रिस्टल आणि अँप्लिफायर एकाच डबीत, बहुतेक चार पायांचा. सप्लाय दिला की तयार क्लॉक बाहेर येतो, तिथं लोड कपॅसिटरचा प्रश्नच नाही. तीन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर वेगळा. त्यात क्वार्ट्झ नसतं, चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. सिरियलला तेवढं चालतं, पण घड्याळात अर्धा टक्का म्हणजे दिवसाला 7 मिनिटं 12 सेकंद.

27 मेगाहर्ट्झचं कारण एका शब्दात: ओव्हरटोन. खेळण्यातले ते क्रिस्टल थर्ड ओव्हरटोनचे असतात. या क्रिस्टलमधली क्वार्ट्झची (एटी कटची) चकती जितकी पातळ तितकी फ्रिक्वेन्सी जास्त, पण फार पातळ केली तर घासतानाच फुटते. म्हणून जाड चकती करून तिच्या तिसऱ्या कंपनावर काम घेतात. त्यासाठी सर्किटमध्ये एलसी (कॉइल-कपॅसिटर) जोडी लावून मूळ कंपन दाबावं लागतं. कंट्रोलरच्या साध्या ऑसिलेटरला ते जमत नाही, तो खालच्या मूळ कंपनावर सुरू होतो. तुमचा बोर्ड 9 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतोय, बॉड रेट (सिरियलचा वेग) एक तृतीयांश झालाय. दुकानात मागताना "फंडामेंटल" (मूळ कंपनावर चालणारा) असं स्पष्ट सांगा.

ठिबक_तासगाव
धन्यवाद. 22 चे दोन्ही काढले, आयपीएनं धुतलं. तीन दिवस बघितलं, आता दिवसाला साडेआठ-नऊ सेकंद मागं. प्रोग्राममध्येच रोज 8.5 सेकंद वाढवले तर? क्रिस्टलच्या पायावर फ्रिक्वेन्सी मीटर लावायचाही प्रयत्न केला, घड्याळच थांबलं.

कुपवाड_बेंच
साडेआठ हेच यायला हवं होतं. 6 चा क्रिस्टल साडेबारावर चालतोय, फरक 99 पीपीएमच्या आसपास. 12.5 पीएफ लिहिलेला क्रिस्टल आणून बदला. बॉडीवर हा आकडा बहुधा नसतो, म्हणून काउंटरवर सुट्टा न घेता पाकीट बघून घ्या. ईएसआरही (क्रिस्टलचा अंतर्गत रोध) 45 किलोओहमच्या आत हवा. प्रोग्राममधली दुरुस्ती मला पटत नाही. चुकीच्या लोडवरचा क्रिस्टल तसाच ठेवून वर आकडा चिकटवला, तर उद्या क्रिस्टल बदलणाऱ्याला काहीच उमगणार नाही.

मीटर क्रिस्टलच्या पायाला कधीच लावू नका, प्रोबचेच 10-15 पीएफ त्यात मिसळतात. डीएस1307 चा 7 नंबरचा पाय, एसक्यूडब्ल्यू (स्क्वेअर वेव्ह), त्यासाठीच आहे. 07 हेक्स रजिस्टरमध्ये 13 हेक्स लिहा, त्या पायावर 32.768 किलोहर्ट्झ बाहेर येतं. पाय ओपन ड्रेन आहे, म्हणजे तो सिग्नल फक्त खाली ओढतो, म्हणून 10 किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर 5 व्होल्टला द्या. 1 हर्ट्झचा फरक म्हणजे 30.5 पीपीएम, म्हणजे दिवसाला 2.6 सेकंद. आत्ता तुम्हाला 32764.8 च्या जवळपास दिसेल. स्वस्त मीटरचा स्वतःचा क्रिस्टलही 10-20 पीपीएम चुकीचा असतो, तेव्हा शेवटचा निकाल आठवडाभराच्या घड्याळावरच लावा.

नवा क्रिस्टल लावल्यावर घड्याळ मुळीच हललं नाही, तर सेकंदाच्या रजिस्टरचा सर्वात वरचा बिट बघा. तो 1 असेल तर ऑसिलेटर बंदच असतो.

सातारा_वायरलेस
एक भर. टायमर पत्र्याच्या स्टार्टर पेटीत असेल तर उन्हाळ्याचं गणित आत्ताच करा. या काटेवाल्या क्रिस्टलचा वक्र 25 अंशांवर माथा असलेला पॅराबोला आहे. तिथून दोन्ही बाजूंना तो मागंच पडतो, उष्णतेनंही आणि थंडीनंही. अंशांतल्या फरकाचा वर्ग गुणिले 0.034, एवढे पीपीएम. पेटीत 55 अंश झाले तर 30.6 पीपीएम, तेवढंच तापमान दिवसभर राहिलं तर 2.6 सेकंद.

एवढं चालणार नसेल तर डीएस3231 घ्या. क्रिस्टल आणि तापमानाची भरपाई दोन्ही आतच, 0 ते 40 अंशांत 2 पीपीएम, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त मिनिटभर. नावाशेवटी "एम" असलेला मेम्स (सिलिकॉनच्या सूक्ष्म यंत्राच्या) रेझोनेटरचा असतो, तो 5 पीपीएमचा. आयसीचा पत्ता तोच, 68 हेक्स, आणि सेकंदापासून वर्षापर्यंतची रजिस्टरंही त्याच जागी. फक्त 07 हेक्सला तिथं अलार्मचे सेकंद आहेत, म्हणून वरची 13 हेक्स लिहिणारी ओळ प्रोग्राममधून काढा.