नवीन फ्लॅटमधली शिलाईची खोली कशी लावू? खिडकी पश्चिमेची आहे अन् कूलरही तिथेच बसणार

शिवणवेडी_बेसा

नमस्कार सगळ्यांना. आम्ही दिवाळीच्या आधी नागपूरला बेसाकडच्या नवीन फ्लॅटमध्ये राहायला जाऊन राहिलो. इतकी वर्षं मी हॉलच्या कोपऱ्यात मशीन मांडून ब्लाऊज अन् फॉल-पिकोची कामं केली, कोणी पाहुणे आले की सगळं कापड गोळा करून आतल्या खोलीत न्यायचं, ते गेले की परत काढायचं, यातच अर्धा जीव जायचा. आता नवीन घरात एक खोली पूर्ण माझी राहणार आहे. सासूबाईंनीच सांगितलं की ही खोली शिलाईलाच दे, म्हणून खूप मनापासून लावायची आहे.

खोली १० बाय ११ फूट आहे. पूर्व-पश्चिम ११, उत्तर-दक्षिण १०. पश्चिमेला एकच मोठी खिडकी. दार पूर्वेच्या भिंतीत पण दक्षिणेच्या कोपऱ्याला आहे, ते हॉलमध्ये उघडते. उत्तर अन् दक्षिणेची भिंत पूर्ण मोकळी. माझ्याकडे मोठ्या टेबलाची जुकी टाईप (कारखान्यासारखी मोटरवाली) मशीन आहे, एक ओव्हरलॉक (कापडाची कड गुंफायची मशीन) आहे अन् आईची जुनी पायमशीन आहे जी मला काहीही झालं तरी ठेवायचीच आहे. पिको सध्या बाहेरून करून आणते, पुढे मशीन घेणार.

अडचण अशी आहे की उन्हाळ्यात कूलर त्याच खिडकीत लागणार, दुसरीकडे जागाच नाही. म्हणजे उजेडही जाणार अन् हवाही सरळ कापडावर येणार. सुतार म्हणून राहिला की सगळं फर्निचर एकदमच ठोकून देतो, कटिंग टेबल भिंतीला फिक्स, वर कप्पे, खाली ड्रॉवर. इलेक्ट्रिशियन पण याच आठवड्यात पॉइंट विचारून राहिला. मी त्याला काय सांगू? कटिंग टेबलची उंची किती ठेवू? अन् ट्रायलसाठी बायका येतात त्यांना कुठे उभं करायचं? ज्यांनी घरात अशी खोली केली आहे त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

धरमपेठची_रेवती

अभिनंदन ताई, स्वतःची खोली मिळणं म्हणजे खरंच मोठी गोष्ट आहे आपल्या कामात.

माझं मत स्पष्ट सांगते, सुतार आत्ता थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला आधी पकडा. फर्निचर नंतर सरकवता येते, भिंतीतली वायर नाही सरकत. पॉइंट जमिनीजवळ नका घेऊ, टेबलाच्या वर चार-सहा इंचावर घ्या म्हणजे वाकावं लागणार नाही आणि वायर पायात येणार नाही. उत्तरेच्या भिंतीवर मशीनसाठी निदान तीन पॉइंट, प्रत्येकाला आपलं वेगळं बटण. इस्त्रीला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि त्याला लाल दिवा असलेलं इंडिकेटर, कारण इस्त्री चालू राहिली हे दुरूनच दिसलं पाहिजे. इस्त्री आणि कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर कधीच लावू नका. अर्थिंग बरोबर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून समोर तपासून घ्या, मशीनच्या लोखंडाला हात सतत लागतो.

मशीन उत्तरेच्या भिंतीला लावा. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून बसल्या की खिडकी डाव्या हाताला येते, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडूनच पाहिजे, नाहीतर हाताची सावली नेमकी सुईवर पडते. खिडकीकडे तोंड करून मात्र बसू नका. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन डोळ्यात जाते, काळ्या कापडावर काळी टीप मारायची असेल तर काहीच दिसत नाही.

कूलर लागला की खिडकीचा उजेड गेलाच समजा, म्हणून खोलीचा हिशोब ट्यूबवरच करा. चार फुटी एलईडी ट्यूब खोलीच्या मधोमध नको, ती तुमच्या पाठीमागे येते आणि तुमचीच सावली कामावर. मशीनच्या वर, थोडी पुढे, भिंतीच्या बाजूला लावा. एकदम पांढऱ्या निळसर ट्यूबमध्ये रंग फसवतात, राणी आणि डाळिंबी यातला फरक कळत नाही, म्हणून कटिंगच्या वर ४००० केल्विनवाली नॅचरल व्हाईट घ्या. तरी दोऱ्याची रीळ मॅच करायची असली की मी बाल्कनीतच जाते.

हवेचं म्हणाल तर कूलरची हवा खिडकीतून आत येऊन तुमच्या दारातून बाहेर जाणार, म्हणजे झोत तिरपा दक्षिणेकडे जाईल. उत्तरेची भिंत त्यामानाने वाचते. पण दार बंद करून कूलर चालवू नका, दमट हवा आतच कोंडते, सुया आणि टाचण्या गंजतात, बुकरम (गळ्या-कॉलरला लावायचं कडक कापड) मऊ पडते. शिफॉन-जॉर्जेटचं कटिंग मी नवतपात (मे-अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत) सकाळीच करून घेते, कूलर चालू करायच्या आधी. एकदा कूलर सुरू झाला की जॉर्जेट टेबलवर थांबतच नाही बाप्पा.

महालचा_टेलर

ताई, चाळीस वर्षं झाली या धंद्यात, वडिलांपासून. रेवती ताईंनी लाईटचं एकदम बरोबर सांगितलं. मी टेबलाचं सांगतो.

सुताराला सांगा, भिंतीला फिक्स करायचं नाही. कटिंग टेबलच्या दोन्ही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. भिंतीला लावलेल्या टेबलवर पलीकडचा काठ ओढायला तुम्ही वाकता, कापड ओढल्या जाते, उरेब (तिरकं) जातो अन् मग ब्लाऊजची बाही फिरते. गिऱ्हाईक म्हणते शिलाई खराब, खरं तर कटिंगच तिरकं गेलेलं राहते.

माप कसं काढायचं ते कापडावरून काढा. अस्तर ३६ पन्हा (म्हणजे ३६ इंच रुंद), ब्लाऊजपीस अन् सुती ४४ पन्हा, सूटचं कापड ५८ पन्हा. आपण कापड दुहेरी करून कापतो, म्हणजे ५८ चं होते २९. टेबल ३० इंच रुंद असलं की सगळं मावते. लांबी ५ फूट पुरे, तुम्ही ब्लाऊज-कुर्तेच करता. लेहंगे करायचे असतील तर ६ फूट.

आता तुमच्या खोलीचं गणित पहा. १० फूट म्हणजे १२० इंच. उत्तरेला मशीनचं टेबल २१ इंच, दक्षिणेला कपाट १८ इंच खोल (याहून खोल करू नका, मागचं कापड वर्षानुवर्षं मागेच राहते), मध्ये कटिंग टेबल ३०. झाले ६९. उरले ५१. त्यातले ३० तुमच्या खुर्चीसाठी, २१ कपाटाच्या बाजूला. बसते बरोबर. पण कपाटाला सरकते दरवाजे पाहिजेत, उघडणारे पल्ले केले की टेबलाला ठोकतील. हे सुताराला आधीच सांगून ठेवा, तो आपल्या सवयीने पल्लेच लावतो. लांबीत पण पहा, मशीनचं टेबल ४ फूट, ओव्हरलॉकचं ४ फूट, ८ झाले, उरले ३ त्यात आईची पायमशीन आरामात. पायमशीन खिडकीकडे ठेवा, तिला मोटर नाही, लाईट गेली तर खिडकीच्या उजेडात तीच चालेल. फक्त उन्हाळ्यात कूलरचं पाणी उडते त्या बाजूला, तेव्हा झाकून ठेवा अन् पट्ट्याला पाणी लागू देऊ नका, चामडी पट्टा ओला होऊन वाळला की कडक पडतो.

उंची सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा दोन-तीन इंच उंच. उभं राहून कात्री चालवली तर कंबर सरळ राहिली पाहिजे अन् कोपर टेबलापेक्षा वर. कोणी ३६ सांगेल कोणी ३४, मी म्हणतो सुताराला समोर उभं करा, हातात मोठी कात्री घ्या अन् कापायची ॲक्शन करून दाखवा, मग तो माप घेईल. खाली बसून कापणारे आमचे कितीतरी कारागीर पन्नाशीत गुडघ्यानं बसले आहेत, तुम्ही तसं करू नका.

लाकूड लकडगंजच्या लाकूडबाजारात पाहून घ्या, वरून सनमायका लावा पण चकचकीत नको, मॅट घ्या. चकचकीत वर रेशीम सरकते.

इस्त्री टेबलच्याच एका टोकाला ठेवा, जुनं ब्लँकेट अन् त्यावर सुती कापड घालून. शिवलं, वळून दाबलं, परत शिवलं. इस्त्री दूर असली की माणूस कंटाळा करतो अन् न दाबता पुढची शिलाई मारतो.

रेशीमगाठ_मनीषनगर

काकांशी मी बाकी सगळ्यात सहमत, पण इस्त्री कटिंग टेबलवर नको. घरात मूल आहे का ताई तुमच्या? माझी मुलगी चार वर्षांची आहे, ती येऊन टेबलाखालून वायर ओढते. मी इस्त्रीसाठी पूर्वेच्या भिंतीला खाली पडणारी फळी लावली आहे, बिजागरीवर, काम झालं की वर उचलून कडी. तुमच्याही खोलीत दार दक्षिण कोपऱ्यात आहे म्हणजे पूर्वेच्या भिंतीचा उत्तरेकडचा भाग रिकामाच आहे, तिथे जमते. ओव्हरलॉकपासून दोन पावलांवर येते, काकांचं वळून दाबायचं पण होते आणि कापडावर गरम इस्त्री राहून जायची भीती नाही.

मुलांचं निघालं म्हणून, सुया आणि टाचण्यांना झाकणाची डबी पाहिजे, उशीवर टोचून उघडी ठेवू नका. तुटलेल्या सुयांची वेगळी बाटली. रोज काम संपलं की फरशीवरून लोहचुंबक फिरवायचं, हल्लीच्या पांढऱ्या फरशीवर टाचणी दिसतच नाही. आणि मशीनच्या पायाखाली रबरी पॅड टाका, तुम्ही फ्लॅटमध्ये जाऊन राहिल्या, खालच्यांच्या छतावर मशीनचा आवाज घुमतो. आमच्या खालच्या काकूंनी दोनदा येऊन सांगितलं तेव्हा पॅड टाकले, आता त्याच ब्लाऊज शिवायला देतात. मोटर क्लचवाली असेल तर शक्य तेव्हा सर्वो करून घ्या, क्लचवाली तुम्ही शिवत नसाल तरी घुं घुं करत फिरतच राहते आणि युनिटही खाते, सर्वो पाय दाबला तरच फिरते.

ट्रायलचं मला खूप सांगायचं आहे कारण सगळे मशीनचा विचार करतात आणि येणाऱ्या बाईचा कोणी करत नाही. तिला उभं राहायला जागा, पूर्ण उंचीचा आरसा, साडी-पर्स टांगायला दोन हुक आणि दाराकडून न दिसणारा पडदा, एवढं लागते. तुमचं दार हॉलमध्ये उघडते, हॉलमध्ये सासरे, दीर कोणी बसले असतील तर गिऱ्हाईक संकोचते. दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात छताला रॉड लावून ३ बाय ३ चा पडदा करा, कपाट त्या कोपऱ्यापर्यंत नेऊ नका, अलीकडेच थांबवा. आरशावर समोरून लाईट पाहिजे, डोक्यावरून नको, वरून पडलेल्या लाईटमध्ये गळ्याची प्रत्येक सुरकुती फिटिंगचा दोष वाटते.

ऑर्डरचं म्हणाल तर एक गिऱ्हाईक एक पिशवी. कापड, अस्तर, मापाचं ब्लाऊज, हुक सगळं त्यातच, आणि चिठ्ठीवर नाव, तारीख, गळ्याचं चित्र. मापाच्या वहीत कापडाचा छोटा तुकडा स्टेपल करते. महालक्ष्म्यांच्या आधी आणि लग्नसराईत पिशव्यांचा ढीग लागतो तेव्हा हीच वही वाचवते. पिशव्या कपाटात नका कोंबू, दाराजवळ रॉडवर तारखेप्रमाणे टांगा, डावीकडची आधी.

धरमपेठची_रेवती

इस्त्रीच्या फळीचं मला पण पटलं, पण १६ अँपिअरचा पॉइंट मग पूर्वेच्या भिंतीत घ्यावा लागेल, ते इलेक्ट्रिशियनला आजच सांगा ताई.

एक राहून गेलं. दोऱ्याच्या रिळा खिडकीजवळच्या भिंतीवर मांडू नका. खिळ्यांच्या पाटीवर रंगांची ओळ सुंदर दिसते खरी पण पश्चिमेच्या उन्हानं रंग उडतो आणि सुती दोरा कमजोर होतो, मग टीप मारताना सारखा तुटते आणि आपण मशीनचं टेन्शन फिरवत बसतो. बंद ड्रॉवरमध्ये आडव्या ठेवा. आणि जरीच्या साड्या फॉलला आल्या तर सुती कापडात गुंडाळून ठेवायच्या, डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत.

शिवणवेडी_बेसा

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना काकांचं ५१ इंचाचं गणित एवढं आवडलं की त्या स्वतः टेप घेऊन खोलीत फिरून आल्या.

आज इलेक्ट्रिशियनला सांगून टाकलं. उत्तरेला टेबलाच्या वर तीन पॉइंट, पूर्वेला इस्त्रीचा १६ चा, ट्यूब मशीनच्या वर अन् एक आरशासमोर. मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणून फळीचंच करते, काका राग मानू नका, वळून दाबायचं मात्र लक्षात ठेवीन. टेबल सुटं, ३० बाय ६० इंच, मॅट सनमायका. एका बाजूला लॉकवाली चाकं लावायची का असं सुतार विचारून राहिला, नवतपात टेबल झोतातून सरकवता येईल म्हणून मला बरं वाटते. पण कटिंग करताना चाकांमुळे टेबल हलत तर नाही ना? काका, तुमच्या किंवा कोणाच्या टेबलाला चाकं असतील तर सांगा, रविवारी सुताराला माप द्यायचं आहे.

महालचा_टेलर

राग कसला ताई, लेकरू असलं की फळीच बरी.

चाकं लावा पण दोनच पायांना, एका टोकाच्या. दुसऱ्या टोकाचे दोन पाय लाकडीच राहू द्या, चाकाच्या उंचीएवढे लांब ठेवून, खाली रबर मारून. ते टोक थोडं उचललं की टेबल हातगाडीसारखं चालते, खाली ठेवलं की हलत नाही. चारही पायांना चाकं लावली तर लॉक कितीही चांगलं असो, मोठी कात्री चालवताना टेबल पुढे जाते. अन् पायांना खालून एक आडवी पट्टी मारायला सांगा, पण एकाच लांब बाजूला, जिकडे तुम्ही उभ्या राहाल ती बाजू मोकळी पाहिजे, नाहीतर पायाची बोटं तिथे ठेचतात. पट्टीवर फळी टाकली तर कापडाचे ताके ठेवायला जागाही होते.