मदत हवी आहे: आरएस-४८५ बसवर सातपैकी तीन नोड गप्प, मॉडबस टाइमआउट

शीतघर_निफाड

नमस्कार मंडळी. तीन रात्री यातच गेल्या, म्हणून इथे विचारतो.

निफाड तालुक्यात मामांचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. सात खोल्या. आजवर एक माणूस दर दोन तासांनी वही घेऊन प्रत्येक खोलीचं तापमान लिहायचा. माल एक्स्पोर्टचा. खोली उणे एक ते शून्य अंशांत ठेवायची, आणि साधारण उणे दोनच्या खाली गेलं की मणी गोठायची भीती. रात्रीची एक नोंद जरी राहिली तरी मामांना झोप लागत नाही. ते काम यंत्राकडून करून द्यायचं मी अंगावर घेतलं.

जोडणी अशी: प्रत्येक खोलीत एक नोड, म्हणजे अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि बाजारात सगळीकडे मिळतं ते मॅक्स४८५ चं छोटं निळं मॉड्यूल. हे मॉड्यूल आरएस-४८५ बसवर, म्हणजे सगळ्यांना सामाईक असलेल्या दोन तारांवर, बोलतं. ऑफिसात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, त्याला यूएसबी-४८५ डोंगल, पायथनमध्ये मिनिमलमॉडबस लायब्ररी. केबल कॅट-५, एका नोडवरून पुढच्या नोडवर अशी ओळीने नेलेली, एकूण ९० मीटरच्या आसपास. नारंगी जोडीवर ए आणि बी. निळी जोडी प्लस, तपकिरी जोडी ग्राउंड. ऑफिसातल्या ५ व्होल्टच्या एकाच अडॅप्टरवर सातही नोड. बोलायची पद्धत मॉडबस आरटीयू (मास्टर म्हणजे पाय विचारतो, स्लेव्ह म्हणजे नोड उत्तर देतो), स्पीड ९६०० बिट प्रति सेकंद, ८एन१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट).

घरी टेबलावर दोन नोड रात्रभर चालवले, एकही चूक नाही. जागेवर बसवल्यावर १ ते ४ व्यवस्थित, ५ कधी बोलतो कधी नाही, ६ आणि ७ जवळजवळ कायम टाइमआउट, म्हणजे वेळेत उत्तरच नाही.

करून पाहिलेलं:

नोड ७ उचलून नोड १ च्या जागी लावला, तर तिथे तो नीट चालतो. म्हणजे बोर्ड आणि कोड बरे असावेत. ए-बी उलटे केले, तर सगळेच बंद पडले, म्हणून परत होते तसे केले. मग कुठेतरी वाचलं की लांब वायरवर स्पीड कमी करावा, म्हणून सगळ्यांना ४८०० वर आणलं. त्याने तर चांगले चाललेले १ ते ४ सुद्धा गेले! लॉगमध्ये नोड १ चं उत्तर ०१ ०३ ०२ ०० असं येतं आणि पाचव्या बाइटपासून कचरा. पुन्हा ९६०० वर आलो की १ ते ४ जिवंत.

ऑसिलोस्कोप नाही, मल्टीमीटर आहे. कुठून सुरुवात करू?

तारजोड

४८०० चं कोडं आधी सोडवू, कारण त्याचा वायरशी संबंध दिसत नाही. स्लेव्हमध्ये उत्तर पाठवल्यावर डीई पिन (मॅक्स४८५ चं पाठवणं चालू-बंद करणारी) खाली कशी आणता? तो भाग इथे शब्दांत सांगितलात तरी चालेल.

शीतघर_निफाड

डीई वर करतो, सीरियलला सात बाइट लिहितो, १० मिलिसेकंदांचा डिले, मग डीई खाली.

तारजोड

मग तेच आहे. सीरियलला लिहिलेलं लगेच बाहेर जात नाही, बफरमध्ये पडतं आणि फंक्शन परत येतं. घड्याळ तिथूनच सुरू होतं. ८एन१ मध्ये एका बाइटला १० बिट, सात बाइटना ७० बिट. ९६०० वर त्याला ७.३ मिलिसेकंद लागतात, तुमच्या १० मध्ये बसतात. ४८०० वर १४.६ लागतात. १० मिलिसेकंदांत तिथे ४८ बिटच जातात, म्हणजे चार बाइट पूर्ण आणि पाचवा अर्धवट. तुमचा लॉग अक्षरशः हेच सांगतोय.

डिले काढा आणि त्या जागी सीरियलचं फ्लश घाला. अर्डुइनो १.० पासून फ्लश शेवटचा बिट बाहेर पडेपर्यंत थांबतं. मग स्पीड कोणताही असो.

अजून एक. डीएस१८बी२० ला १२ बिटवर तापमान मोजायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात. विनंती आल्यावर मोजायला बसत असाल तर मास्टर कंटाळून पुढे जाईल. मोजणी स्वतःच्या चालीने चालू द्या, विनंती आली की शेवटचं वाचन देऊन मोकळं व्हा.

शीतघर_निफाड

फ्लश घातलं, ४८०० वर १ ते ४ परत आले! मोजणी आधीपासून वेगळीच आहे. पण ५, ६, ७ दोन्ही स्पीडवर तसेच.

पॅनेलवाले_काका

बाळा, सगळ्याचा सप्लाय बंद कर, डोंगल काढ, आणि ऑफिसच्या टोकाला ए आणि बी मध्ये ओहम मोज. मग सप्लाय चालू करून नोड ७ च्या नॅनोवर ५ व्होल्टच्या पिनला किती येतात ते मोज. दोन्ही आकडे इथे टाक. अंतराची काळजी करू नकोस, आरएस-४८५ ला १२०० मीटरपर्यंत नेतात, ९० म्हणजे काहीच नाही.

शीतघर_निफाड

काका, ए-बी मध्ये २३ ओहम. नोड ७ वर ४.३ व्होल्ट.

पॅनेलवाले_काका

दोन्हीकडे दुखणं आहे.

पहिलं ओहमचं. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर हवा, मधे कुठेही नको. तारेच्या टोकावरून सिग्नल परत फिरू नये म्हणून तो असतो. दोन समांतर म्हणजे ६० च्या आसपास दिसायला हवेत. तुझ्या त्या निळ्या मॉड्यूलवर हा १२० चा रेझिस्टर आधीच सोल्डर केलेला असतो, बहुतेक मॉड्यूलवर त्याचं नाव आर७. सात मॉड्यूल, सात रेझिस्टर, समांतर १७ ओहम. तुला २३ दिसले कारण तांब्याच्या तारेचा रोध मधे आहे. मॅक्स४८५ ची डेटाशीट काढून बघ: ५४ ओहमच्या लोडवर किमान १.५ व्होल्ट देण्याची हमी आहे. त्याला तू वीसेक ओहमवर जुंपलंयस. टेबलावर दोनच मॉड्यूल होती, म्हणजे बरोबर ६० ओहम, म्हणून तिथे सगळं गोड चाललं.

दुसरं सप्लायचं. सात नॅनोंचा करंट पहिल्या तुकड्यातून जातो, सहांचा दुसऱ्यातून, असं करत शेवटपर्यंत व्होल्टेज झिजत जातं. मॅक्स४८५ ला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. ४.३ वर ते काय बोलणार? आणि ओढायला लोड मोठा, म्हणजे पाठवायच्या क्षणी ते आणखी खाली बसतं. दूरचेच नोड गप्प का, याचं उत्तर यात आहे.

काम असं कर. नोड १ ते ६ चा आर७ सोल्डरिंग गनने उचलून टाक, ७ चा राहू दे. ऑफिसच्या टोकाला ए-बी मध्ये १२० चा एक लाव. सप्लायसाठी केबलवर १२ व्होल्ट पाठव आणि प्रत्येक नोडवर छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावून तिथेच ५ कर.

तारजोड

काकांच्या म्हणण्याला जोड: ऑफिसच्या टोकाला ए कडून ५ व्होल्टला आणि बी कडून ग्राउंडला ६८० ओहमचा एकेक रेझिस्टर लावा. कुणीच बोलत नसताना बस तरंगते, म्हणजे तिची पातळी ठरलेली नसते, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की त्यात खोटा स्टार्ट बिट दिसून उत्तराच्या आधी एखादा फालतू बाइट घुसतो. फक्त तुमच्या चिपवर ए म्हणजे न उलटणारी बाजू आहे हे पाहून घ्या. ए-बी ची नावं कंपनीगणिक उलटसुलट असतात, यात अनुभवी माणसंही फसतात.

शीतघर_निफाड

काल रात्री सहा मॉड्यूलवरचे आर७ काढले, ऑफिसला १२० लावला. आता मीटर ६३ दाखवतो. ५ आणि ६ तिथेच बोलायला लागले. ७ मधूनमधून गळत होता. बक कन्व्हर्टर यायला चार दिवस आहेत, म्हणून तोवर खोली ७ मध्ये मोबाइलचा चार्जर लावून फक्त प्लस वेगळा केला, ग्राउंड सामाईकच ठेवला. ६८० चे दोन्ही लावले. रात्री दहा ते सकाळी सहा, दर दहा सेकंदांनी सातही नोड, एकही टाइमआउट नाही. मामा पहाटे येऊन स्क्रीनसमोर बराच वेळ उभे होते. काका, तारजोड, तुमचे उपकार विसरणार नाही.

एकच राहिलं. पहाटे खोली ३ ने मधेच ६५५३.१ अंश दाखवले. आकडा दहाने गुणून पूर्णांकात पाठवतो. हा पण नॉइज का?

तारजोड

नाही, सीआरसी (संदेशाच्या शेवटी येणारा तपासणीचा आकडा) जुळल्याशिवाय आकडा तुमच्यापर्यंत आलाच नसता. तुमचा आकडा ज्यात येतो ते रजिस्टर १६ बिटचं आहे, चिन्ह न वाचता उणे आकडा त्यात ६५५३६ मिळवून दिसतो. ६५५३१ मधून ६५५३६ वजा करा: उणे ५. दहाने भागा: उणे ०.५ अंश. तुमची खोली शून्याखाली गेली आणि पायथनने चिन्ह वाचलं नाही, एवढंच. मिनिमलमॉडबसच्या रीड रजिस्टरमध्ये साइन्ड हा पर्याय ट्रू करा.

शीतघर_निफाड

केलं. खोली ३: उणे ०.५. वहीतही तेच आहे.