उजीजी मागे का पडलं?

उजीजी म्हणजे आजच्या टांझानियातलं, टांगानिका सरोवराकाठचं एके काळचं मोठं व्यापारी गाव. गुलामांचा व्यापार थांबला आणि उजीजी संपलं, असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं. हस्तिदंत आणि गुलाम हा मोठा धंदा होताच, पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटाहून निघालेले व्यापारी तांडे इथेच टांगानिका सरोवराला टेकायचे आणि त्यांना उधारी देणाऱ्यांत आपले कच्छी शेठ पण होते, पण रोजचा बाजार वेगळाच चालायचा, जवळच्या उविन्झा भागातलं मीठ, पाम तेल, सुकी मासळी, आणि सुट्टे पैसे म्हणून चक्क काचेचे मणी.

मला वाटतं खरा घोळ पाण्याने केला. सरोवराचं पाणी पश्चिमेला लुकुगा नदीतून बाहेर पडतं, ती वाट गाळ आणि झाडोऱ्याने बरीच वर्षं तुंबलेली, म्हणून पातळी चढत गेली. १८७८ च्या सुमारास तो बांध फुटला आणि पुढच्या काही वर्षांत पाणी कित्येक मीटर उतरलं. उजीजीचा किनारा सपाट, त्यामुळे पाणी गावापासून लांब गेलं. १८७१ मध्ये पत्रकार स्टॅनली बेपत्ता मानल्या गेलेल्या संशोधक-मिशनरी लिव्हिंगस्टनला जिथे भेटला, तिथलं स्मारक आज काठावर नाहीये ते यामुळेच. मग तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मनांनी १९१४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या दार-ए-सलामहून रेल्वे आणली ती जवळच्या किगोमाला, कारण तिथे खोल बंदर. उजीजीला काय, शेजारी बसून बघत राहायचं.