लेकराची पोटगी: बैठकीत एकरकमी घ्यावी का?

कपाशीचं_रान (ता. दारव्हा)
आमच्याकडे फारकत कोर्टात कमी, बैठकीत जास्त होते. दोन्हीकडची चार माणसं बसतात, स्टॅम्प पेपर येतो, "मुलगी आईजवळ राहील, अमुक रक्कम पोचली, पुढे कोणताही हक्क सांगणार नाही" असं लिहितात आणि सह्या. माझं म्हणणं, लेकराचा पैसा असा घेऊच नये. आईनं "काही नको" लिहून दिलं तरी लेकराचा हक्क बुडत नाही, कारण तो तिचा नाहीच सोडायला. आणि ती रक्कम जाते कुठं? माहेरच्या बोअरमध्ये, नाहीतर भावाच्या लग्नात. पोरगी पाचवीत जाईतोवर वहीपुरतेही उरत नाहीत.
अर्ज आई-लेकरू राहतात तिथल्याच कोर्टात करता येतो, सासरच्या तालुक्याला जावं लागत नाही. पोटगीचं पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. महिन्याची रक्कम ठरवून घ्या.

बोंडअळी
हे लिवाले भल्लं सोपं हाय भाऊ. तारखेले जाचं म्हणजे बाईची निंदनाची रोजी गेली, लेकरू शेजारणीपाशी. समन्स नेलं तं माणूस घरी नाई, म्हणे पुण्याले कंपनीत गेला. पुढची तारीख. बैठकीत निदान आज पैसा हातात पडते, अन् चार मानसांपुढं बोललेल्या गोष्टीची लाज असते. कोर्टाची लाज कोनाले हाय?

कपाशीचं_रान
अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यात आहे.

बोंडअळी
"शक्यतो" हा शब्द तुमीच लिवला बरं.

शेवंता_वणी
मी कोर्टातून गेले आहे, म्हणून लिहिते. नवऱ्यानं सांगितलं, उत्पन्न शून्य, सातबारा वडिलांच्या नावावर. अर्धं विदर्भ हेच सांगत असेल! पण २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही मिळकतीचं आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं. माझ्या वकीलबाईंनी बाजार समितीतल्या सोयाबीनच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, त्यांच्याच नावाच्या निघालेल्या दाखवल्या. खात्याचे उतारे मागवले. मग शून्य राहिलं नाही. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरली, त्यामुळे मधली लांबण अगदीच वाया गेली नाही.
वकिलाला मी एक रुपया दिला नाही. बाईला आणि लेकराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा, ती कोर्टाच्या आवारातच असते. १५१०० वर फोन केला तरी सांगतात.

एका_पोरीचा_बाप
बापाचंही ऐका कोणी. पाच एकर कोरडवाहू. माझा पैसा दिवाळीनंतर येतो, तोही दुकानदार आणि सोसायटीचं कर्ज फेडून उरला तर. महिन्याच्या महिन्याला कुठून आणू? दोन वर्षं ज्वारी, तूरडाळ, शाळेचे कपडे पोचवले, ते कोणत्याच कागदावर नाही. आणि पोरीला भेटूही देत नाहीत. मग द्यायचं कशाला?

शेवंता_वणी
भाऊ, भेट हा वेगळा अर्ज आहे. तो तुम्ही जरूर करा. पण भेट नाही म्हणून पोरीचं दूध बंद, असा हिशेब कोर्टही मानत नाही आणि मीही नाही.

वकिलाचा_मुनशी
वरच्या भाऊंना दोन गोष्टी. जे द्याल ते खात्यावर द्या, डाळ दिली तर पोच घ्या. परिस्थिती बदलली, पीक गेलं, तर रक्कम कमी करून मागायची तरतूद आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, गप्प बसून थकवायचं नाही. थकली की वसुलीचं वॉरंट निघतं. ते जिल्हाधिकाऱ्याकडे गेलं तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. एकेका महिन्याच्या थकबाकीला महिन्यापर्यंत कैद आहे, आणि कैद भोगली म्हणून पैसा फिटत नाही. बायांसाठी: थकलेल्या महिन्याचा वसुली अर्ज वर्षाच्या आत करा. आमच्याकडे निम्म्या जणी इथंच चुकतात.

अंगणवाडीताई
निकाल येईपर्यंत चूल कशी पेटेल, ते कोणीच बोललं नाही. बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या लेकराला महिन्याला २२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. घटस्फोटित किंवा घटस्फोटाची केस चालू असलेल्या बाईला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० आहेत, ते तहसीलमध्ये. त्याला वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला २१,००० च्या आतला लागतो. हा दाखला काढणं हीच खरी परीक्षा. स्टॅम्पवरची फारकत दाखवली की बाबू नाही म्हणून मान हलवतो, कोर्टाचा कागद लागतो. म्हणजे बैठकीनं बाईची ही वाटही अडवली.

कपाशीचं_रान
ताईंचं बरोबर, पण सरकारचे २२५० आले म्हणून बाप सुटला, असं गावात कोणी म्हणायला लागू नये म्हणजे झालं.

बोंडअळी
स्टॅम्पचा मुद्दा मानला. पण बैठक सोडू नका. चार मानसं बसवाच, जमलं का तेच घेऊन कोर्टात जा.

वकिलाचा_मुनशी
मग लोकअदालतीत ठेवा. कोर्टात केस दाखल असली की तडजोड तिथं नोंदवता येते, तिला हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाची, किंमत आहे, उद्या फिरला तर वसुली लागते. शेतकरी बाप असेल तर महिन्याला थोडी आणि पीक निघाल्यावर मोठी, असे हप्तेही दोघांच्या संमतीनं लिहिता येतात.

बोंडअळी
हे पटते. पण हप्त्याची तारीख कापसाच्या वक्ताले टाका, अन् रक्कम पोरीच्या खात्यात. मामाच्या नाई.

एका_पोरीचा_बाप
मुनशीजी, भेटीचं त्याच तडजोडीत लिहिता येईल का?

वकिलाचा_मुनशी
येतं. दिवस, वेळ, ठिकाण सगळं लिहून घ्या. "अधूनमधून" असं लिहू नका.