सिकल सेल: पोटातल्या बाळाची डीएनए टेस्ट नागपुरात कुठे होते?
नमस्कार मंडळी, वहिनीला नववा आठवडा चालू आहे आणि तिचा न दादाचा दोघांचाही सिकल सेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) रिपोर्ट एएस आला, म्हणजे दोघंही वाहक, बाळ एसएस, म्हणजे आजार असलेलं, असायचा चान्स २५ टक्के. आई म्हणते पहिला मुलगा नॉर्मल निघाला ना मग काऊन टेन्शन घेऊन राहिले, पण बाप्पा, दर खेपेला फासा नव्यानंच पडतो! डॉक्टर म्हणाले साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा काढून हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन जीनमधला, ज्यानं हा आजार होते तो, डीएनएच्या एका अक्षराचा बदल, ए च्या जागी टी, पीसीआर या डीएनए तपासणीनं पाहता येते. त्या तुकड्यात वहिनीच्या पेशी मिसळल्या तर रिझल्ट चुकू शकतो म्हणे, मग लॅबवाले ते वेगळं तपासतात का आपणच सांगाव लागते? मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत सोय आहे का? खर्च किती, रिपोर्ट किती दिवसांत? कोणी केली असेल तर लवकर सांगा.